गोडी विहीर

आमच्या घरी चहा काळाच असायचा. दूध घातलं की तो फाटायचा. पाहुणा आला की आय ओशाळून म्हणायची, "दूध नासलंय आज," आणि पाहुणाही मुकाट्याने काळा चहा पिऊन उठायचा, कारण त्याच्याही घरी दूध रोजच नासत असे. तुरीची डाळ सकाळी चुलीवर चढवली तर दुपारपर्यंत टणकच. साबण घासून घासून हात दुखायचे, फेस काही यायचा नाही. गावात विहिरी दोन होत्या. एक खारी, ती भांड्या-कपड्यांना. आणि एक गोडी, तिचं पाणी प्यायला. या गोडी विहिरीचा आम्हाला काय तो अभिमान! चैत्र-वैशाखात पलीकडच्या पाड्यातल्या बाया हंडे घेऊन आमच्या विहिरीवर यायच्या तेव्हा आमच्या गावच्या बाया रहाटाशी अशा उभ्या राहायच्या, जणू पाणी त्यांनीच पाडलंय. त्या विहिरीशी माझं काय वैर आहे ते सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. आजवर दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा लोणच्याच्या पाककृतीवर घसरले, असा माझा स्वभाव.

गाव उरणच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. तिन्ही बाजूंना मिठागरं आणि एका बाजूला रस्ता, तोही भरतीच्या मर्जीवर. आता तिथे कंटेनरच्या राशी आहेत. मागे माझ्या नातीने, सईने, मोबाइलच्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "आजी, तुझं घर यातलं कुठलं?" मी एका निळ्या कंटेनरवर बोट ठेवलं, कुठेतरी ठेवायचं म्हणून. तेव्हा तिथे मिठाच्या राशी असत. दिवाळी झाली की बा, म्हणजे माझा बाप, बांधांची डागडुजी करायचा, भरतीचं पाणी एका कोंडीतून, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवायचा, आणि माघात पाण्यावर मिठाची पहिली साय धरायची. तिचा आवाज असतो, हे मिठागरात वाढलेल्यालाच कळतं. दुपारी सगळं शांत असताना बारीक चर्र चर्र ऐकू यायचं. सुमी म्हणायची, "मंदे, आयक, मीठ बोलतंय."

सुमी माझी थोरली बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि ताकदीने म्हणाल तर बा-च्या बरोबरीची. तिच्या बाराव्या वर्षी बा-ने तिला कडेची एक लहान कोंडी तोडून दिली होती. ती सुमीची कोंडी. तिथलं मीठ दुसऱ्या कुणी ओढायचं नाही. लांब दांड्याच्या फळीने ती मीठ ओढू लागली की अंगाला असा झोका द्यायची की पाहत राहावं. मी तिच्या मागे टोपली घेऊन, सदा रडत. माझ्या पायांना चिरा पडायच्या, त्यात खारं पाणी झोंबायचं. मग सुमी माझी टोपली आपल्या टोपलीवर चढवून म्हणायची, "जा, बांधावर बस आनि कविता पाठ कर. तुजा काय मिठाशी जमायचा नाय." तिच्यामुळे मी शाळा शिकले, हे उगीच म्हणत नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर ती बांधावर बसायला लागली. दोन टोपल्या टाकल्या की धाप. सकाळी उठली की तोंड सुजलेलं, डोळे बारीक झालेले, दुपारपर्यंत उतरायचं. मग पोट वाढू लागलं. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र पुढे. सतरा वर्षांच्या मुलीचं पोट पुढे आल्यावर गाव काय बोलतं ते सांगायला नको. विहिरीवर बाया गप्प व्हायला लागल्या. एक दिवस आयने तिला मागच्या दारी धरलं, "सुमे, खरं सांग मना. पोटात काय हाय तुज्या?" सुमी हसली. "भरती हाय गो आये. अमुश्याची. उतरंल." आय तिथेच पायरीवर बसून रडली, आणि सुमी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी कोण आणि धीर कोण देतंय!

उरणच्या डॉक्टरने यकृत म्हटलं. कुणी कावीळ म्हटलं, कुणी जंत. शेवटी मोऱ्याच्या बंदरातून लाँच धरून आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. मलाही नेलं होतं, कारण कागद वाचायला घरात मीच. तिथे दक्षिणेकडचा एक तरुण डॉक्टर होता. त्याने सुमीचं पोट वाजवून पाहिलं, मानेवरची शीर पाहिली, पाय दाबून पाहिले, आणि बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत राहिला. मग पुष्कळ तपासण्या झाल्या. शेवटी त्याने आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं: एंडोमायोकार्डियल फायब्रोसिस. बा-ला ते जन्मात म्हणता आलं नाही. डॉक्टरने मूठ वळून दाखवली. "हार्ट असं आवळतं, ते ठीक आहे. पण मग असं उघडायला पाहिजे ना? ते उघडत नाही. आतून अस्तर जाड झालंय, चामड्यासारखं. रक्त आत शिरायला जागा नाही, म्हणून मागे तुंबतं आणि पोटात पाणी होतं." त्याच्या गावाकडच्या किनाऱ्यावर असे रोगी त्याने पाहिले होते, इकडे फारच क्वचित. उष्ण, दमट मुलखात गरिबांच्या मुलांना होतो. का होतो, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही, असं तो सरळ म्हणाला.

बा इतका वेळ खाली बघत होता. तो म्हणाला, "म्हंजे उघारी जाम झालीय." खाजणाच्या बांधात भरती-ओहोटीचं पाणी सोडायला फळ्यांची झडप असते, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात, बा-च्या बोलीत उघारी. ती अडकली की पाणी मागे शेतात तुंबतं. डॉक्टरला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो खुश झाला. "अगदी तेच. तुमच्या वडिलांना समजलं." मग त्याने ऑपरेशनचं सांगितलं. छाती उघडून आतलं जाड अस्तर सोलून काढायचं. धोका मोठा, पण जमलं तर मुलगी चालेल-फिरेल. मात्र त्याआधी पोटातलं पाणी उतरायला हवं, अंगात ताकद यायला हवी. पाणी उतरलेलं राहिलं तरच ऑपरेशन. त्यासाठी लघवीच्या गोळ्या, आणि मीठ बंद. "बिलकुल नाही. लोणचं नाही, पापड नाही, सुकी मासळी नाही. पाणी दिवसाला एवढंच," म्हणून त्याने बाटलीवर रेघ मारून दिली. मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ बंद! सुमी मला कोपराने ढोसून म्हणाली, "मंदे, इचार त्याला, घर कुठं हलवू ते."

तिला दहा दिवस इस्पितळात ठेवून घेतलं. सुईने पोटातलं पाणी काढलं तेव्हा तिने सिस्टरला विचारलं होतं म्हणे, "खारट असंल का गो?" त्या दहा दिवसांत गोळ्यांनी आणि अळणी जेवणाने पोट सपाट झालं. गालाची हाडं दिसू लागली. पाचव्या दिवशी मी भेटायला गेले तर ती कॉटवर बसून केस विंचरत होती. जेवणाची तक्रार तर होतीच, पण पाण्याचीही होती. "हितलं पानी पन फिकं लागतं गो. तहान भागत नाय. आपल्या गोडीचं आन एक तांब्या." मी तिला हसले. म्हटलं, महाराणी, आता मुंबईचं पाणीही चालेना का? ते वाक्य तिने तिच्या तोंडाने मला सांगितलं होतं. मी हसले होते.

दोन महिन्यांनी ऑपरेशनची तारीख द्यायची असं ठरलं. पोट असंच राहिलं तर. घरी आल्यावर बा-ने पहिली गोष्ट केली ती म्हणजे मिठाची बरणी कडीकोयंड्याच्या कपाटात ठेवली आणि चावी माझ्या गळ्यात घातली. "मंदे, तू ध्यान ठेव तिच्यावर. चोरंल ती. मी बी चोरलं असतं." दाराबाहेर डोंगराएवढ्या राशी आणि घरात बरणीला कुलूप. पण बा-चा जीव त्या तारखेत अडकला होता, त्याला कोण हसणार! आयने चुलीवरचं सगळंच अळणी करून टाकलं, कारण एकीच्या ताटात मीठ वाढायचं आणि दुसरीच्या नाही, हे तिला जमेना. खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण अळणी, जवळा बंद, भाकरी अळणी. सुमीला अळणी भात उतरेना म्हणून आय तिला पातळ पेज करून द्यायची, दिवसातून तीनदा, वाडगा भरून. पाण्याची बाटली रेघेपर्यंतच. पेज पाण्यात धरायची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हालाही सुचलं नाही.

माघात गावाबाहेरच्या शेतात पोपटी लागली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, खडेमीठ आणि ओवा मडक्यात भरायचा, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करायचा. बा-ने सुमीसाठी मुद्दाम वेगळं लहान मडकं लावलं, बिनमिठाचं. त्यावर काठीने खूण केली, चुकू नये म्हणून. पानावर वाफाळत्या शेंगा पडल्या तेव्हा सुमीने एक सोलून खाल्ली आणि बा-कडे बघून म्हणाली, "झकास!" बा-चा चेहरा असा काही खुलला. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, "मंदे, तुजी शेंग जरा नाकाशी धर." मी धरली. तिने डोळे मिटून वास घेतला आणि मान फिरवली.

आणि पोट पुन्हा वाढू लागलं. आधी आम्ही तिकडे पाहिलंच नाही, मग पाहूनही बोललो नाही. एके दिवशी तिची परकराची नाडी पुरेना तेव्हा बा म्हणाला, "इस्पितलात उतरलं आनि घरी चरतंय. तवा?" तवा-चं उत्तर सगळ्यांच्या मनात एकच होतं. तिथे पहारा होता, इथे नाही. पहारा म्हणजे मी. मला वाटलं, माझ्या चावीवर, माझ्या डोळ्यांवर डाग लागलाय. मी सुमीच्या मागे मागे फिरू लागले. ती परसात गेली तर मी परसात. तिच्या बोटांचा वास घेतला मी, सांगायला लाज वाटते. तेरा वर्षांची होते आणि चोर पकडायचं खूळ डोक्यात शिरलं होतं.

एका सकाळी अंथरूण काढताना तिच्या उशीखाली फडक्यात बांधलेला खडा सापडला. सुपारीएवढा, स्वच्छ पांढरा. मी तो मुठीत धरून बा-कडे धावत गेले. धावताना खडा तळहाताला टोचत होता, ते मला आज लिहितानासुद्धा आठवतंय. बा-ने सुमीला पुढे बोलावलं. ती भिंतीला धरून आली.

"मी नाय खाल्ला," ती म्हणाली. "माज्या कोंडीचा हाय. नुसता ठेवलाय."

"नुसता?" बा म्हणाला.

"मी आता जात नाय ना आगरात. म्हनून ठेवलाय."

आमच्याकडे मिठाची शपथ असते. खडा हातात धरून माणूस बोलला की त्यावर दुसरं बोलायचं नाही. भावाभावांचे तंटे त्यावर मिटलेले मी पाहिले आहेत. बा-ने खडा तिच्या तळहातावर ठेवला. "मीठ धरून सांग." सुमीने मूठ आवळली आणि म्हणाली, "मी खाल्लं नाय. एक कन बी नाय." बा-ने तिची मूठ उघडून खडा परत घेतला, आपल्या हातात काही वेळ धरला, तिच्या पोटाकडे पाहिलं, आणि ओरडला नाही, मारलं नाही, इतकंच म्हणाला, "मिठाची खोटी आन घेतलीस पोरी." आणि खडा दारातून खाडीकडे भिरकावला. सुमीने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्यातल्या चावीशी चाळा करत उभी राहिले.

ठरल्या दिवशी आम्ही लाँचने पुन्हा गेलो. डॉक्टरने चादर बाजूला केली आणि त्याचा चेहरा उतरला. असं पाणी भरलेलं असताना छाती उघडता येणार नाही, म्हणाला. यकृतही थकलं होतं. "घरात मीठ जातंय हिच्या पोटात. कुठून तरी जातंय." बा हात जोडून उभा होता. "ती आयकत नाय साहेब." सुमी हळू आवाजात म्हणाली, "मी नाय खाल्लं," पण डॉक्टर गोळ्या वाढवून लिहीत होता. पुन्हा ठेवून घ्यायला त्या आठवड्यात खाट नव्हती. दोन आठवड्यांनी या म्हणाला. परतताना लाँचवर वारा होता. बा पुढे टोकाला जाऊन बसला. सुमी माझ्या खांद्याला टेकून बसली होती, तिला आडवं होता येत नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "मंदे, तुला तरी पटतंय ना?" मी पाण्याकडे बघत राहिले. काय बोलावं ते मला कळलं नाही असं आज म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मला पटत नव्हतं. मी तिच्यावर रागावले होते, कारण ती मरणार असं दिसत होतं आणि तिने जिभेपायी ते ओढवून घेतलंय असं मला वाटत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही.

दोन आठवडे झाले नाहीत. चैत्र सरत आला होता, राशी उंच झाल्या होत्या, विहिरीत पाणी तळाला गेलं होतं. शेवटचे काही दिवस ती रात्रंदिवस बसूनच होती, पाठीशी गोधड्यांची चळत लावून. त्या सकाळी आय तिचे पाय चोळत होती. सुमीने पाणी मागितलं. बा म्हणाला, "दे, आता नको मोजू." मी तांब्यातून चमच्याने तिच्या तोंडात पाणी घातलं. गोडी विहिरीचं. तीन-चार चमचे घेतले, मग ओठाच्या कडेने यायला लागलं. आय जी किंचाळली ती अजून कानात आहे. माझी बहीण गेली, आणि गळ्यात चावी तशीच होती.

त्यानंतर बा कुणी विचारलं तर एकच सांगायचा, "जिभेपायी गेली पोर." पाटलांना सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, मीठ न्यायला येणाऱ्या गाडीवाल्यांना सांगितलं. दुःखाला कारण सापडलं की माणसाला जरा टेकता येतं. गावानेही ते उचललं. पोरं अळणी खायला कुरकुरली की बाया म्हणायच्या, "सुमीसारखं करू नगं." मीच तर खडा शोधून काढला होता.

पाच-सहा वर्षांनी माझं लग्न झालं. सासर पेणच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. नवरा शाळेत मास्तर, सासूबाई कडक पण मनाने चांगल्या. तिथे पहिल्या दिवशी मला चहा दिला तो दुधाचा. पाणी मात्र मला कसंसंच लागायचं, पांचट, तहानच जाईना. महिनाभराने सवय झाली. दोन-अडीच महिन्यांनी पहिल्यांदा माहेरी आले. एसटीतून उतरून उन्हातून चालत आले होते. आयने पायावर पाणी घातलं, मी ओसरीवरच्या मडक्यात तांब्या बुडवला आणि घटाघटा प्यायला तोंडाला लावला. पहिलाच घोट मी अंगणात थुंकला.

"काय गो, माशी गेली तोंडात?" आय म्हणाली.

मी दुसरा घोट घेतला, तोंडात धरला. खारट होता. म्हणजे तसा समुद्रासारखा नव्हे. पण कुणी मूठभर मीठ मडक्यात टाकून विसरून गेलं असावं, तितका. मी आयला विचारलं, हे पाणी कुठल्या विहिरीचं? "गोडीचं, आनि कुठलं?" मी तिथेच खाली बसले. फाटलेला चहा, न शिजणारी डाळ, न येणारा फेस, सगळं एका रांगेत समोर आलं. शेजारच्या खाडीच्या पाण्यापुढे ती विहीर गोड होती, एवढंच. आम्ही जन्मापासून ते मीठ पीत होतो म्हणून ते आमच्या जिभेला मीठ नव्हतंच. सुमीला आम्ही बरणीतला कण लागू दिला नाही, आणि वाडगे भरभरून पेज पाजली, गोडीच्या पाण्यात शिजवलेली, दिवसातून तीनदा. उन्हाळ्यात विहीर आटत गेली तशी ती जास्तच खारी होत गेली असणार. आणि सुमी तिकडे मुंबईचं फिकं पाणी पिऊन बरी होत होती. मग तळहाताला तो खडा पुन्हा टोचला. चाटलेल्या खड्याच्या कडा झिजतात, गुळगुळीत होतात. मिठागरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्याला धार होती. मी इतकी रडले की आयला वाटलं सासरी छळ आहे. ती हळूच विचारत राहिली, "सासू मारते का गो?"

बा-ला सांगू की नको, यात दिवाळी आली. सांगितलं तर आपल्या हाताने आपण पोरीला काय पाजलं ते त्या दोघांना उरलेला जन्म वागवावं लागणार होतं. न सांगितलं तर सुमी चोरच राहणार होती, खोटी शपथ घेणारी. मेलेल्या माणसाला आणखी काय उरतं? नावच ना? मी बा-ला सांगितलं. तो मडक्यातलं पाणी प्यायला, त्याने ओठ पुसले. "गोड हाय," म्हणाला. त्याला खरंच गोड लागत होतं. मग मी सासरहून आणलेले दोन कॅन दाखवले. म्हटलं, बा, मी इथे आहे तोवर हेच पाणी प्यायचं, जेवणही यातच शिजवायचं. तो चिडला, पण पाचही दिवस तेच प्याला, रोज म्हणत, "फिकं हाय. तहान भागत नाय." तिसऱ्या दिवशी हे म्हणता म्हणता तो मध्येच थांबला. सुमीचं इस्पितळातलं बोलणं मी त्याला सांगितलेलं होतं.

सहाव्या सकाळी त्याने स्वतः विहिरीवर जाऊन पोहरा काढला आणि ओंजळीने प्यायला. थुंकला नाही. तोंडात धरलं आणि गिळलं.

"खारं हाय," तो म्हणाला.

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या खड्याला धार व्हती गो मंदे. मी हातात धरला तवा टोचली मना. मना कलत व्हतं. आनि मी पोट बगत बसलो."

त्या दिवशी बा कॅनमधलं उरलेलं पाणी बाटलीत घेऊन गावात घरोघर गेला. ज्या ज्या ओटीवर बसून तो "जिभेपायी गेली" म्हणाला होता, त्या प्रत्येक ओटीवर. आधी हे पाणी प्या, मग आपलं प्या, म्हणायचा. कुणाला फरक कळला, बऱ्याच जणांना कळलाच नाही. कळो न कळो, शेवटी तो एवढंच सांगायचा, "माज्या पोरीनं मिठाची आन खरी घेतली व्हती." संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. आयने ताट वाढलं, वर मीठ वाढायला हात नेला, तर त्याने ताट मागे ओढलं. त्यानंतर तो बारा-तेरा वर्षं जगला. मिठागरं गेली, बंदर आलं, गावात नळाचं पाणी आलं, चहा दुधाचा झाला. बा-ने मीठ खाल्लं नाही.

खूप वर्षांनी अलिबागच्या एका हृदयाच्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ते लांबलचक नाव ऐकून मान हलवली. हा रोग मिठाने होत नाही, मावशी, म्हणाले. तो आधीपासून तिच्या हृदयात होता. मिठाने पाणी वाढलं, पण त्या काळी ऑपरेशन झालं असतं तरी ती वाचली असती असं कोण सांगणार? मनाला लावून घेऊ नका. चांगला माणूस. पण ती वाचली असती का, हा माझा प्रश्न नव्हताच. तो प्रश्न मी कधीच सोडून दिला आहे. माझ्या डोक्यात अजून ती लाँच आहे.

आता माझ्या रक्तदाबाने मलाही मीठ कमी करायला लावलंय. सूनबाई फार लक्ष ठेवते, आणि ते बरोबरच आहे. परवा लोणच्याची बरणी उघडी सापडली, वरचं तेल हललेलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. ती माझीच होती. मी म्हटलं, "मी नाही खाल्लं गं." सई टेबलाशी गृहपाठ करत होती. वही बाजूला न करता, मान वर न करता ती म्हणाली, "आई, आजी नाही म्हणते ना, मग नाही खाल्लं." आणि पुढचं गणित सोडवायला लागली.

मी आत जाऊन पलंगावर बसले. एवढंच वाक्य होतं. लाँचवर वारा होता, सुमीचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि धक्क्यापासून मोऱ्यापर्यंत मला वेळही पुष्कळ होता.